जनरेटरची ट्रॉली ओढणारी जुनी शेवरले पिकअप: गिअरबॉक्सच्या निवडीचे एक प्रकरण

कोल्हापुरातील एका मंडप व ध्वनी-प्रकाश व्यावसायिकांकडे १९५१ सालची शेवरले ३१०० ही अर्ध्या टनाची पिकअप आहे. जनरल मोटर्सने १९२८ पासून १९५४ पर्यंत मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी केली. ही गाडी त्या काळातली असून घरात आजोबांपासून चालत आलेली आहे. ती शोभेसाठी ठेवलेली नाही. लग्नसराईत आणि यात्रांच्या हंगामात तिच्यामागे दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेला जनरेटर जोडलेला असतो, हौद्यात केबलची भेंडोळी आणि दिव्यांच्या पेट्या असतात, आणि अशा अवस्थेत ती पन्हाळा, जोतिबा, राधानगरी, कधी गगनबावड्याहून करूळ घाट उतरून वैभववाडीपर्यंत जाते. मार्केट यार्डाजवळच्या काट्यावर सगळे मिळून वजन केले तेव्हा ते तीन टनांच्या आसपास भरले. त्यात ट्रॉलीचा वाटा साधारण १२०० किलोंचा होता आणि तिला स्वतःचे ब्रेक नव्हते. ही शेवटची बाब पुढे निर्णायक ठरली.

तक्रार अशी होती की क्लच प्लेट टिकत नाही आणि चढावर दुसरा गिअर आपोआप सुटतो. मालकांची मागणी मात्र वेगळीच होती. पाच गिअरचा बॉक्स बसवावा, म्हणजे पुण्याच्या रस्त्यावर इंजिन ओरडणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तक्रार संथ चढावरची आणि मागणी भरधाव रस्त्यावरची, ही विसंगती पहिल्याच बैठकीत दिसली होती, परंतु गाडी उघडण्याआधी त्यावर बोलण्यात अर्थ नव्हता.

गाडीत मुळात काय होते

या गाडीत २१६ घनइंचांचे, म्हणजे साडेतीन लिटरचे, सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आहे. त्याची ताकद सुमारे ९० अश्वशक्ती. स्ट्रोक लांब असल्यामुळे हे इंजिन मिनिटाला हजार फेऱ्यांपासूनच चांगली ओढ देते, पण त्याला फार फिरवणे परवडत नाही. याचे कारण त्याच्या तेलपुरवठ्यात आहे. मुख्य बेअरिंगना पंपाच्या दाबाने तेल मिळते, मात्र कनेक्टिंग रॉडच्या बॅबिट धातूच्या बेअरिंगना रॉडच्या टोकाशी असलेले छोटे डिपर तेलात बुडून ते उडवतात. पिकअपला पूर्ण दाबाचा तेलपुरवठा १९५४ च्या २३५ घनइंची इंजिनापासून मिळाला. त्यामुळे २१६ चे इंजिन तासन्‌तास वरच्या फेऱ्यांवर राबवणे म्हणजे रॉड बेअरिंगचे आयुष्य खर्चात टाकणे होय, आणि मालकांच्या 'ओरडण्या'च्या भीतीत तथ्य होते.

गिअरबॉक्स तीन गिअरचा, स्टिअरिंगच्या दांड्यावर लिव्हर असलेला. पहिल्याचे प्रमाण २.९४, म्हणजे बॉक्सच्या मागच्या शाफ्टच्या एका फेरीला इंजिनाच्या २.९४ फेऱ्या, दुसऱ्याचे १.६८ आणि तिसरा थेट १.००. मागच्या ॲक्सलचे प्रमाण ४.११. गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट उघडा नसून एका जाड नळीत बंद आहे. या नळीला टॉर्क ट्यूब म्हणतात. ती मागे डिफरन्शिअलच्या हौसिंगला बोल्टने पक्की असते आणि पुढे गिअरबॉक्सच्या पाठीशी एका गोलाकार सांध्यात बसते. ॲक्सलचा पीळ ही नळी पुढे नेते. म्हणून या मालिकेतील अर्ध्या टनाच्या गाडीत गिअरबॉक्स बदलायचा तर एकतर टॉर्क ट्यूबला जुळणाराच बॉक्स हवा, नाहीतर मागचा ॲक्सल, शाफ्ट आणि त्यांची बैठक हे सगळे बदलावे लागते. पाऊण टनाच्या ३६०० मॉडेलमध्ये शाफ्ट उघडा असल्याने हा प्रश्नच येत नाही. परदेशातील अदलाबदलीच्या यशोगाथा वाचून इथे काम काढणाऱ्यांनी त्या गाडीचा शाफ्ट बंद होता की उघडा, हे आधी पाहावे. पुष्कळ वेळा सगळे खर्चाचे गणित तिथेच फिरते.

शिवाजी उद्यमनगरातील गॅरेजमध्ये बॉक्सचे तेल काढले तेव्हा मिस्त्रींनी बोटाला लागलेले तेल उन्हात धरले. त्यात पितळेची बारीक सोनेरी चमक दिसत होती. ती सिंक्रोच्या, म्हणजे गिअर टाकताना दातांचा वेग जुळवून घेणाऱ्या, कड्यांची झीज होती. दुसऱ्या गिअरचे दातही कडेला गोल झाले होते, म्हणून भार येताच तो सुटत होता. फ्लायव्हीलवर निळे डाग पडलेले होते, म्हणजे क्लच वारंवार तापत होता. या तीन गोष्टींपैकी पहिल्या दोन वयोमानाच्या होत्या. तिसरीचे कारण मात्र शोधावे लागणार होते, कारण नवी प्लेट टाकूनही ती पुन्हा घडत होती.

कमी काय पडत होते

सर्वांची समजूत अशी होती की गाडीत ओढ कमी पडते. आकडे मांडल्यावर ती समजूत टिकली नाही. तीन टनांचे वजन १२ ला १ अशा चढावर नेण्यासाठी चाकांपाशी सुमारे २९५ किलोंची ओढ लागते. टॉप गिअरमध्ये ही गाडी सुमारे २२० किलोंची ओढ देते, म्हणजे टॉपमध्ये चढ निघणार नाही, पण दुसऱ्यात ती ३७० पर्यंत जाते आणि पहिल्यात ६५० पर्यंत. ८ ला १ अशा खड्या चढावर जागेवरून उठायला लागणारी ४२० किलोंची ओढसुद्धा जुन्या पहिल्या गिअरच्या आवाक्यातली आहे. मग क्लच का जळत होता?

उत्तर वेगात होते. २.९४ च्या पहिल्या गिअरमध्ये इंजिन हजार फेऱ्यांवर असताना गाडी ताशी ११ किलोमीटरने चालते. केर्लीहून जोतिबाच्या डोंगरावर चढताना, विशेषतः चैत्र यात्रेच्या आधीच्या दिवसांत, पुढे सासनकाठी घेऊन पायी चाललेली माणसे असतात, आणि त्यांच्या मागून ताशी तीन किलोमीटरनेच जावे लागते. म्हणजे इंजिनाला ११ चा वेग हवा आणि रस्ता ३ चाच देतो. मधला फरक चालक क्लच अर्धा दाबून भरून काढतो, आणि त्या वेळी इंजिनाकडून क्लचला मिळणाऱ्या शक्तीचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग उष्णता होऊन प्लेटमध्ये जिरतो. मंगल कार्यालयाच्या बोळात ट्रॉली मागे ढकलताना हेच रिव्हर्समध्ये घडत होते, आणि तिथे तर चालक एका हाताने स्टिअरिंग व मान वळवून मागे पाहत असल्याने पाय क्लचवरून उठतच नसे. निळ्या डागांचा उगम हा होता. जुन्या बॉक्सला ओढ कमी नव्हती, त्याला सावकाश चालता येत नव्हते.

एकदा हे स्पष्ट झाल्यावर पर्याय तपासण्याची दिशा बदलली. कोणत्या बॉक्सचा वरचा गिअर किती लांब आहे हे पाहण्याऐवजी सर्वांत खालचा गिअर किती आखूड आहे हे आधी पाहायचे ठरले. मालकांना हे लगेच पटले नाही, आणि त्यांचे तसे न पटणे स्वाभाविक होते. हायवेवरचा आवाज रोज कानावर पडतो, तर क्लचचा खर्च अधूनमधून येतो.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय ऑटोमॅटिकचा. पुण्यातील एका जाणकार स्नेह्यांनी जनरल मोटर्सचाच ७००-आर-४ बॉक्स आणवण्याचा आग्रह धरला होता. त्याचे प्रमाण पहिल्यात ३.०६, दुसऱ्यात १.६३, तिसऱ्यात १.०० आणि चौथ्यात ०.७० असे आहे. त्यातला टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ओढ पोहोचवणारा भाग, उठताना पीळ वाढवून देतो आणि क्लच प्लेट जळण्याचा प्रश्न मिटवतो, हे खरेच. परंतु संथ चढावर कन्व्हर्टरही घसरतो आणि ती उष्णता तेलात जाते, म्हणून स्वतंत्र कूलरशिवाय तो ओढीच्या कामाला लावणे धोक्याचे आहे. त्याशिवाय इंजिनाला जोडण्यासाठी ॲडॉप्टर, टॉर्क ट्यूब काढून नवा ॲक्सल, आणि बिघाड झालाच तर कोल्हापुरात तो बॉक्स उघडून पुन्हा बसवणारा माणूस शोधणे, हे सगळे आले. घाट उतरताना कन्व्हर्टरमधून मिळणारे इंजिन ब्रेकिंग थेट क्लचच्या गाडीइतके खंबीर नसते, हा शेवटचा मुद्दा ट्रॉलीला ब्रेक नसल्यामुळे सर्वांत जड होता. या पर्यायावर फार वेळ घालवला नाही.

दुसरा पर्याय मिस्त्रींचा. भंगारात निघालेल्या एका हलक्या मालवाहू गाडीचा पाच गिअरचा बॉक्स त्यांच्याकडे पडून होता. सुटे भाग गल्लीत मिळतात, दुरुस्ती कोणीही करतो, किंमत परवडणारी. माझा स्वतःचा कल सुरुवातीला याच पर्यायाकडे होता, कारण रोजच्या कामाच्या गाडीत सहज मिळणारा सुटा भाग हा मोठा गुण आहे. बॉक्सवर प्रमाणाची पाटी नव्हती, म्हणून ते हाताने मोजले. बॉक्स बाकावर ठेवून पुढच्या आणि मागच्या शाफ्टवर खडूने एकेक रेघ ओढली, प्रत्येक गिअर टाकून पुढचा शाफ्ट सावकाश फिरवला आणि मागची रेघ परत वर येईपर्यंत किती फेऱ्या लागतात ते मोजले. पहिल्यात पाचाहून थोड्या जास्त फेऱ्या लागल्या, हे समाधानकारक होते. पाचव्यात मात्र दोन्ही रेघा बरोबरच वर आल्या. मिस्त्रींनी पुन्हा एकदा फिरवून पाहिले आणि म्हणाले, "मालक, पाचवा बी सरळच हाय की वो."

पाच गिअर म्हणजे ओव्हरड्राइव्ह, म्हणजे १.०० हून कमी प्रमाणाचा, इंजिनाच्या फेऱ्या कमी ठेवणारा गिअर, हे मोटारीतून आलेले गृहीतक आहे. मालवाहू गाड्यांच्या अनेक बॉक्समध्ये पाचवा गिअर थेट १.०० असतो आणि जादा गिअर खालच्या बाजूला दिलेला असतो. ओढीच्या दृष्टीने ते योग्यच आहे, पण ज्या कारणासाठी मालकांना पाच गिअर हवे होते ते कारण त्यातून साधत नव्हते, आणि तरीही टॉर्क ट्यूब काढण्याचा सगळा खर्च करावा लागणार होता. मूळ गाडी ३६०० असती तर मी हाच बॉक्स सुचवला असता.

अमेरिकेत या इंजिनामागे बोर्ग-वॉर्नरचा टी-५ बसवण्याची रीत चांगलीच रुळलेली आहे. छोट्या एस-१० पिकअपमधून निघालेल्या टी-५ मध्ये ४.०३ चा पहिला गिअर मिळू शकतो आणि पाचवा खरोखरचा ओव्हरड्राइव्ह असतो. रिकाम्या गाडीने फिरणाऱ्यासाठी ही निवड उत्तम ठरते. तीन टनांसाठी ४.०३ ने जोतिबाच्या चढावरचा प्रश्न अर्धाच सुटला असता आणि ॲक्सल बदलणे टळले नसतेच.

उरला शेवरलेचा स्वतःचा चार गिअरचा एसएम-४२० हा बॉक्स. १९४७ ते १९६७ या काळात तो बनत होता आणि अर्ध्या टनाच्या पिकअपला तो त्या वेळी ऐच्छिक म्हणून मिळत असे, टॉर्क ट्यूबला जुळणाऱ्या पाठीसह. प्रमाणे अशी: पहिला ७.०५, दुसरा ३.५८, तिसरा १.७१, चौथा १.००. पहिल्या गिअरमध्ये हजार फेऱ्यांवर गाडी ताशी साडेचार किलोमीटरच्या आसपास चालते, म्हणजे चालत्या माणसाच्या गतीने, क्लचवरून पाय पूर्ण काढून. कागदावर या गिअरची ओढ दीड टनांवर जाते, पण तितकी ओढ डांबरावर उतरण्याआधी मागची चाके फिरतील, तेव्हा त्या आकड्याला महत्त्व नाही. त्याचा उपयोग संथपणासाठी आहे.

दोषही आहेत आणि ते मालकांना लेखी कळवले. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, म्हणून तो गाडी थांबवूनच किंवा दुहेरी क्लच मारून (क्लच दोनदा दाबून) टाकावा लागतो. बॉक्स ओतीव लोखंडाचा, साठ किलोंच्या आसपास वजनाचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमधली दरी मोठी आहे. अडीच हजार फेऱ्यांवर दुसऱ्यात गाडी ताशी २३ किलोमीटर चालते आणि तिसऱ्यात ४८, त्यामुळे चढावर चुकीच्या क्षणी तिसरा टाकला तर फेऱ्या निम्म्याहून खाली येतात आणि गती मोडते. २१६ चे इंजिन खालून ओढणारे असल्याने हा दोष सुसह्य होतो. तेच बॉक्स एखाद्या आधुनिक, वरच्या फेऱ्यांवर जीव धरणाऱ्या छोट्या इंजिनामागे लावले तर घाटात चालक वैतागेल.

ओव्हरड्राइव्हचा प्रश्न

मालकांच्या मूळ मागणीचे काय, हा प्रश्न बाजूला सारणे योग्य झाले नसते. ताशी ८० किलोमीटरला या गाडीचे इंजिन सुमारे २४५० फेऱ्या करते आणि बॅबिट बेअरिंगच्या इंजिनाला तासभर तसे चालवणे नको, हे मान्यच. पण ट्रॉली जोडलेली असताना ८० ने जावे का? गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि ते सगळे एकाच मास्टर सिलिंडरच्या एकाच वाहिनीवर आहेत. एका ठिकाणी तेल गळले तर सगळे ब्रेक जातात. मागे १२०० किलोंची बिनब्रेकची ट्रॉली आहे. अशा जोडणीला ताशी ६० ही मर्यादा मी घालून दिली, आणि ६० ला फेऱ्या १८५० च्या आसपास राहतात, जिथे हे इंजिन खुशाल दिवसभर चालते. ब्रेकने घातलेल्या वेगमर्यादेखाली ओव्हरड्राइव्हला करण्यासारखे काम उरतच नाही. शिवाय निपाणीच्या पुढे संकेश्वरकडे जाताना तवंदी घाटात किंवा पुण्याकडे खंबाटकीत तो गिअर सोडून खालचा गिअर घ्यावाच लागला असता.

यावर मालकांनी इंजिनच बदलून डिझेल टाकण्याचा विचार मांडला. त्यासाठी परिवहन कार्यालयाची परवानगी आणि आरसीवरील नोंदीत बदल लागतो, आणि मग क्लच, बॉक्स, ॲक्सल या सगळ्यांची निवड नव्याने करावी लागते. चर्चेत विंटेज नोंदणीचाही विषय निघाला. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या बदलानुसार ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेत विंटेज नोंदणी मिळते, पण अशी गाडी नेहमीच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. जनरेटर ओढायचा असेल तर ती वाट बंद आहे. गाडी एमएच-०९ च्या जुन्या नोंदणीवर, जुन्या इंजिनासह कामाला ठेवायची, हे मालकांनी ठरवले.

काम आणि त्यानंतर

सांगलीकडील एका संग्राहकांकडून त्याच मालिकेतील पिकअपचा चार गिअरचा बॉक्स टॉर्क ट्यूबच्या सांध्यासह मिळाला. तो उघडून बेअरिंग व सील बदलले, सिंक्रोची कडी तपासली, आणि क्लच प्लेटचे स्प्लाइन नव्या बॉक्सच्या शाफ्टशी मोजून जुळवले. फ्लायव्हील लेथवर घासून निळे डाग काढले. लिव्हर आता जमिनीतून येणार असल्याने केबिनची फळी कापावी लागली आणि स्टिअरिंगवरची जुनी लिव्हर जागेवर तशीच ठेवली. तेल एसएई ९०, जीएल-४ प्रतीचे घातले. जास्त भारी म्हणून जीएल-५ घालण्याचा मोह पुष्कळांना होतो, पण त्यातील गंधकयुक्त मिश्रणे जुन्या सिंक्रोच्या पितळेला मानवत नाहीत.

जोतिबाच्या चढावर आता चालक पहिला टाकून क्लच सोडून देतो आणि गाडी पायी माणसांच्या मागून आपली चालत राहते. सपाटीला निघताना पहिला गिअर वापरतच नाहीत, दुसऱ्यातूनच उठतात, म्हणजे व्यवहारात ही गाडी तीन गिअरची राहिली आणि एक गिअर अडचणीसाठी मिळाला. करूळ घाट उतरताना दुसरा गिअर आधीच टाकून ठेवला की ब्रेकवर पाय क्वचितच जातो. चढताना तीव्र वळणांवर दुसऱ्या-तिसऱ्यामधली दरी जाणवते आणि चालकाला वळण संपल्याशिवाय तिसऱ्याची घाई न करण्याची सवय लावून घ्यावी लागली. नव्या चालकाला मात्र ही गाडी लगेच देता येत नाही, ही मालकांची तक्रार रास्त आहे.

दोन कामे अजून बाकी आहेत. ट्रॉलीला ओव्हररन ब्रेक, म्हणजे ट्रॉली पुढे ढकलू लागली की त्या दाबानेच लागणारे ब्रेक, बसवायचे आहेत आणि त्यासाठी तिचा दांडा व ॲक्सल बदलावा लागेल. ते होईपर्यंत ६० ची मर्यादा कायम आहे. दुसरे काम टॉर्क ट्यूबच्या पुढच्या टोकाशी असलेल्या बुशिंगचे आणि सीलचे. ते झिजले की गिअरबॉक्समधील तेल नळीतून मागे डिफरन्शिअलमध्ये जाते, तिथली पातळी वाढते आणि शेवटी ते मागच्या ब्रेकच्या ड्रमपर्यंत पोहोचू शकते. या गाडीत गिअरबॉक्सची पातळी किंचित उतरते आणि मागची किंचित चढते आहे, तेव्हा लग्नसराई सुरू होण्याआधी ट्यूब उतरवून दोन्ही बदलायचे ठरले आहे, आणि तोवर दोन्हीकडचे प्लग दर आठवड्याला उघडून पाहण्याचे काम मिस्त्रींच्या पोराकडे दिले आहे.